क्षितिज आधी, केस नंतर

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेत विषय छापलाय, ‘संगणकावरच्या निसर्गात फोटोतला माणूस : प्रकाश, सावली आणि कडा’. या तिन्हींवर बोलायचं आहेच. पण त्यांच्याही आधी येणारी एक गोष्ट आहे आणि ती कुणी शिकवत नाही. समोर स्टुडिओवाले बसलेत, फ्लेक्सवाले आहेत, संगणकावर त्रिमितीय दृश्य उभं करणारं ब्लेंडर शिकणारी मुलं-मुली आहेत, म्हणून आज ती पोटतिडकीनं सांगतो. ती गोष्ट म्हणजे क्षितिज.

बेळगावातल्या कुठल्याही चौकात मान वर करून बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. मागं संगणकावर उभा केलेला गड, ढग, खाली दरी. पुढं माणूस. त्याचे केस इतक्या निगुतीनं कापलेले असतात की बट न बट मोजून घ्यावी. रंग जुळवलेत, चेहरा उजळलाय. तरी तो माणूस तिथं उभा नाही, चिकटवलाय, हे शाळकरी पोरालाही कळतं. मग फ्लेक्सवाला पुन्हा केसांच्या मागं लागतो. कडा आणखी मऊ करतो, आणखी एक फिल्टर चढवतो. दुखणं पायात आणि औषध डोक्याला! क्लासांमध्येही हेच चालतं. केस कापायला आठ दिवस, आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर होता हे विचारायला एक मिनिटसुद्धा नाही. ही माझी खरी तक्रार आहे.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतील. रस्त्यावर उभं राहून, मोबाइल डोळ्यांसमोर धरून काढलेला एखादा उघडा. जवळचा माणूस मोठा, लांबचा बोटाएवढा. पाय कुणाचे खाली, कुणाचे वर. पण डोकी बघा की! जवळपास सगळी एकाच आडव्या रेषेत. कॅमेऱ्याच्या उंचीवरची ही रेषा म्हणजेच क्षितिज. आता गॅलरीतून काढलेला फोटो घ्या. गर्दी तीच, पण जवळची डोकी खाली आणि लांबची वर चढत गेलेली. नियम एवढाच आहे : जमीन सपाट असेल आणि कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या माणसाला त्याच्या पायापासून दीड मीटरवरच छेदते. तो दोन मीटरवर असो की दोनशे मीटरवर.

याचं गणित करू. माणूस १७० सेंटिमीटर उंच, लेन्स जमिनीपासून १५० वर. १५० भागिले १७० म्हणजे ०.८८. फोटोत तो माणूस २००० पिक्सेल उंच असेल, तर क्षितिज त्याच्या तळपायापासून साधारण १७६५ पिक्सेलवर, म्हणजे हनुवटीच्या आसपास. हा माणूस ज्या दृश्यात जाणार, तिथलंही क्षितिज तिथूनच गेलं पाहिजे. पण निसर्गदृश्य करणाऱ्याला दरी दाखवायची असते. तो संगणकातला कॅमेरा १० मीटरवर नेतो, आणि नंतर माणूस असा ठेवतो की क्षितिज त्याच्या छातीवरून, पाऊण उंचीवरून जातं. सांगा, या माणसाची उंची किती झाली? १० भागिले ०.७५, म्हणजे १३ मीटरच्या वर. चार मजली इमारतीएवढा वाढदिवसाचा नवरदेव! बघणाऱ्याला हा हिशेब येत नाही, पण त्याचा डोळा तो करतो आणि मान्य करत नाही.

आपल्या भागाला ही अडचण नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. १८८० नंतर संगीत नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव रंगवलेले पडदे फिरले : रस्त्याचा पडदा, रानाचा पडदा, महालाचा पडदा. रस्त्याच्या पडद्यावरची घरं मागं जाताना लहान होत जातात. नट पुढं, दिव्यांजवळ उभा असला की सगळं छान. तोच नट चार पावलं मागं सरकून पडद्याला खेटला, की त्याचं डोकं रंगवलेल्या घराच्या माडीला लागतं. नट तेवढाच, पडदाही तोच, पण रंगवलेल्या जमिनीवर तो भलत्या जागी उभा राहिला. तुमच्या फ्लेक्सवरचा माणूस नेमकं हेच करतो. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, आणि बाबूराव तिथूनच सिनेमाकडे गेले. पडदा रंगवणाऱ्याला आधी क्षितिज ठरवावंच लागतं, कारण त्याशिवाय पहिली रेषाही ओढता येत नाही. संगणकानं ही सक्ती काढून टाकली, तिथंच घोटाळा सुरू झाला.

तर करायचं काय? फोटो काढताना चार आकडे लिहून ठेवायचे. टेप घेऊन लेन्सच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. लेन्सपासून माणसाच्या पायापर्यंतचं अंतर मोजा. कॅमेरा किती अंश खाली-वर झुकलाय ते मोबाइलमधल्या लेव्हलनं बघा. चौथा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरांचा. हेच चार आकडे ब्लेंडरच्या कॅमेऱ्याला द्यायचे. माणूस जिथं उभा राहणार तिथं आधी १.७ मीटरचा साधा ठोकळा ठेवा आणि निसर्ग त्याच्याभोवती उभा करा. जमीन चढउताराची असेल तर कॅमेऱ्याची उंची माणसाच्या पायाच्या पातळीपासून मोजायची, कॅमेऱ्याखालच्या जमिनीपासून नव्हे.

इथं एक चूक हमखास होते. ब्लेंडर सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर धरून चालतो, म्हणजे फुल फ्रेम. आपल्याकडचे बरेच कॅमेरे लहान सेन्सरचे आहेत. निकॉनच्या तशा कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० ची लेन्स २६ अंश दाखवते, फुल फ्रेमवर जवळपास ४० अंश. सेन्सरचा आकडा बदलला नाही, तर बाकी सगळं मोजूनही जमीन चुकते. आणि जुळवणी होईपर्यंत फोटो क्रॉप करू नका. कापलेल्या फोटोत चौकटीचा मध्य सरकलेला असतो.

कुणी म्हणेल, गिऱ्हाईक जुना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं, आकडे कुठून आणायचे? अंगावरच्या गोल वस्तू बघा. कमरपट्टा, बांगडी, शर्टाची कॉलर, साडीचा खालचा काठ, फेट्याची कड. आडव्या असलेल्या ज्या गोलाची कड सरळ रेषेसारखी दिसते, तिथं कॅमेऱ्याची उंची. त्याच्या खालचे गोल पाळण्यासारखे खाली झुकलेले दिसतील, वरचे कमानीसारखे. पट्टा सरळ, साडीचा काठ खाली वाकलेला, फेट्याची कड कमान करतेय, तर कॅमेरा कमरेशी होता, साधारण एक मीटरवर. बुटांचा वरचा भाग भरपूर दिसत असेल तर कॅमेरा उंच किंवा फार जवळ. एवढ्या खुणांवर दहा सेंटिमीटरच्या आत अंदाज बसतो आणि तेवढा पुरतो.

मघापासून चिठ्ठी येऊन पडलीय, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेतला विषय आता भरभर.

सूर्य. बाहेर फोटो काढलात तर सावलीही मोजा. १७० च्या माणसाची सावली २९४ सेंटिमीटर असेल, तर सूर्य ३० अंशांवर. डिसेंबरच्या अखेरीला बेळगावात मध्यान्हीचा सूर्य साधारण ५१ अंशांवर असतो, सावली १४० सेंटिमीटरच्या आत. मेच्या पहिल्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि डोळे खोबणीत काळे पडतात. अशा वेळचा फोटो संध्याकाळच्या दृश्यात कधीच बसणार नाही. स्टुडिओत असाल तर चकचकीत स्टीलचा गोळा माणसाच्या जागी धरून एक फोटो घ्या, दिवा कुठं होता ते त्यात दिसतं. संगणक-चित्रांचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली अशाच गोळ्याच्या फोटोंतून खऱ्या जागेचा प्रकाश संगणकात कसा न्यायचा ते मांडलं. गोळा नसेल तर बुबुळातली चमक बघा. आणि आपल्या पावसाळ्यातला ढगाळ प्रकाश सगळ्यात दयाळू. त्यात काढलेला माणूस ढगाळ दृश्यात चटकन बसतो.

सावली. कापलेला माणूस म्हणजे पुठ्ठा. बाजूनं ऊन आलं की पुठ्ठ्याची सावली काडीसारखी पडते. म्हणून मेकह्यूमन या माणसाच्या आकृती बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली साधी आकृती त्याच ढबीत उभी करा, कॅमेऱ्याला ती दिसू देऊ नका, फक्त तिची सावली घ्या. ब्लेंडरमधल्या सूर्याचा कोन, म्हणजे आकाशात दिसणारी त्याची रुंदी, ०.५३ अंश ठेवा. मग पायाशी सावली रेखीव आणि डोक्याकडे कड तीनेक सेंटिमीटर मऊ होते, खऱ्या उन्हासारखी. सावली काळी करू नका, तिच्यात आकाशाचा निळा असतो आणि ती उन्हापेक्षा दोन-तीन स्टॉपच खाली असते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तळव्याखाली मात्र एक बारीक, गडद पट्टी हवीच. तीच नसेल तर माणूस तरंगतो. गवत असेल तर चार पाती बुटावरून पुढं आणा.

खालून येणारा रंग. खानापूरकडची माती तांबडी, गोकाक-सौंदत्तीकडची काळी. तांबड्या मातीवरच्या माणसाच्या धोतराला आणि हनुवटीखाली तांबूस झाक येते, काळ्या मातीवर तो भाग नुसता गडद होतो. स्टुडिओत पायाखाली त्या रंगाची चादर अंथरा. नंतर ब्रशनं रंगवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

कडा. ग्रीन स्क्रीन, म्हणजे नंतर संगणकात काढून टाकायचा हिरवा पडदा. त्याच्यापासून माणूस दोन-तीन मीटर पुढं हवा, नाहीतर खांद्यावर हिरवं सांडतं. पण आपल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो! तो स्क्रीनबरोबर गायब होतो, आणि काचेच्या बांगड्यांत मागचा हिरवाही उतरतो. तिच्यासाठी साधा करडा पडदा लावा. केसांभोवती पांढरी किंवा काळी कड उरते, ती बहुतेक वेळा कापण्यातली चूक नसते. पोर्टर आणि डफ या संशोधकांनी १९८४ साली अल्फाचं, म्हणजे पिक्सेल किती झाकलेला आणि किती पारदर्शक त्याचं, गणित मांडलं, त्यात रंग अल्फानं आधीच गुणलेला असतो. एका सॉफ्टवेअरनं गुणलेला आणि दुसऱ्यानं न गुणलेला धरला, की ती कड येते. फाइल उघडताना प्रीमल्टिप्लायची, म्हणजे रंग आधीच गुणल्याची, खूण तपासा.

ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स, म्हणजे दृश्यातला उजेड आणि रंग पडद्यावर दाखवण्याजोगे करणारा संस्कार, आपोआप लागू होतो. माणसाचा फोटो आत टाकून रेंडर केलात, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र काढलंत, तर चेहरा फिका पडतो, कारण कॅमेऱ्यानं त्याच्यावर एकदा हा संस्कार केलेला असतोच. निसर्ग वेगळा रेंडर करा, माणूस वर फोटोशॉपमध्ये ठेवा. त्याचा सगळ्यात काळा भाग तेवढ्याच अंतरावरच्या दगडाच्या फटीएवढाच काळा ठेवा. फुल फ्रेमवर ५० ची लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ८, फोकस ४ मीटरवर असेल, तर साधारण २.९ ते ६.५ मीटर एवढंच स्पष्ट येतं. मागचा गड सुईसारखा टोकदार असून चालणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, थर एकत्र केल्यावर, पूर्ण चित्रावर एकच ग्रेन, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, टाका. निळ्या चॅनलमध्ये थोडा जास्त, कॅमेऱ्यातही तो तिथंच जास्त असतो.

बाहेरच्या टेबलावर टेप ठेवलाय. चहा घेताना एकमेकांच्या मोबाइलची उंची मोजून एकेक फोटो काढा, मग माझ्याकडे आणा.