नॅशव्हिलचा लिफाफा

१९५८ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन, म्हणजे कंट्री या अमेरिकन लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांच्या व्यवसायाची संघटना सीएमए, उभी राहिली ती सत्कारसमारंभांसाठी नव्हे. रॉक अँड रोलने रेडिओ काबीज केला होता आणि कंट्री वाजवणारी स्टेशनं हातची चालली होती. ती परत मिळवणं हे पहिलं काम. पुरस्कार सुचले नऊ वर्षांनी.

ऑक्टोबर १९६७, म्युनिसिपल ऑडिटोरियम. सूत्रसंचालक सॉनी जेम्स आणि बॉबी जेन्ट्री. टीव्हीचं प्रक्षेपण नाही. ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सर्वांत मोठा मान एडी अर्नोल्डकडे गेला. पुढच्या वर्षी समारंभ रायमन ऑडिटोरियममध्ये हलला आणि त्याचं चित्रण एनबीसी या टीव्ही वाहिनीवर दिसलं. १९६९ पासून थेट प्रक्षेपण सुरू झालं. १९७१ मध्ये चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक ‘एंटरटेनर’ ठरला, १९७२ मध्ये लोरेटा लिन. हा मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री.

निवड होते तीन फेऱ्यांत. आधी सदस्य नावं सुचवतात, मग ती गाळून प्रत्येक विभागात पाच उरतात, शेवटी त्यांतून एक. मत फक्त सदस्यांना, आणि सदस्य सगळे धंद्यातले : गायक, गीतकार, रेडिओवाले, रेकॉर्ड कंपन्यांची माणसं. श्रोत्याला मत नाही. मोठ्या कंपनीत माणसं जास्त, म्हणून तिची मतंही जास्त, ही तक्रार जुनी आहे आणि बिनबुडाची नाही.

१९७४ मध्ये ठिणगी पडली. समारंभ नव्या ग्रँड ओल ऑप्री हाउसमध्ये होता. ऑप्री हा कंट्रीचा जुना रेडिओ कार्यक्रम, आधी तो रायमनमध्येच व्हायचा. त्या रंगमंचाच्या मधोमध रायमनच्या जुन्या मंचातून कापून आणलेला, सहा फूट व्यासाचा लाकडी गोल बसवलेला आहे. परंपरा इथे अक्षरशः पायाखाली असते. सर्वोत्तम गायिका ठरली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन, इंग्लंडमध्ये जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका. लोरेटा लिन आणि डॉली पार्टन या कंट्रीतल्या गायिका मागे पडल्या. जुनी मंडळी भडकली. कंट्री गायक जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी बैठक भरली आणि कंट्री कलाकारांची वेगळी संघटनाच निघाली.

पुढच्या वर्षी मावळता ‘एंटरटेनर’ चार्ली रिच विजेत्याचं नाव वाचायला आला. त्याने लिफाफा उघडला, खिशातून लायटर काढला, कागद पेटवला आणि नाव घेतलं : जॉन डेन्व्हर, हाही पॉपकडे झुकलेला. डेन्व्हर तेव्हा ऑस्ट्रेलियात, उपग्रहाद्वारे जोडलेला. इकडे काय जळलं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने हसतमुखाने आभार मानले. पॉपवाल्यांविरुद्धचा निषेध, असाच सगळ्यांनी अर्थ लावला. रिचच्या मुलाने मात्र पुढे सांगितलं, की पायाच्या दुखण्यावरची औषधं आणि वर दारू, त्यात वडिलांना ती गंमत वाटली. काही असो, इतक्या वर्षांच्या भाषणांपेक्षा लोकांच्या लक्षात राहिला तो हाच अर्धा मिनिट.

टीव्हीने पैसा आणला, तसं घड्याळही आणलं. १९९९ मध्ये जॉर्ज जोन्सला ‘चॉइसेस’ हे गाणं कापून म्हणायला सांगितलं गेलं. तो आलाच नाही. त्या रात्री अ‍ॅलन जॅक्सनने स्वतःचं गाणं मध्येच थांबवलं, ‘चॉइसेस’चा तुकडा गायला आणि मंचावरून सरळ निघून गेला. थेट कार्यक्रमात गायक बँडसह दुसऱ्या गाण्याकडे वळला, की निर्मात्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

२०१६ मध्ये पन्नासाव्या समारंभात पॉप गायिका बियॉन्से डिक्सी चिक्स या कंट्री गटाबरोबर गायली आणि ‘ही कंट्री कशी?’ हा जुनाच वाद इंटरनेटवर नव्याने पेटला.

इथे एक नियम ध्यानात घ्यायला हवा. ‘सिंगल’चा पुरस्कार ध्वनिमुद्रणाला मिळतो, ‘साँग’चा गीतकाराला. म्हणूनच २०२३ मध्ये ‘फास्ट कार’ला दोन्ही मिळाले : ‘सिंगल’ कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सच्या आवृत्तीला, ‘साँग’ ट्रेसी चॅपमनला, तिचं मूळ ध्वनिमुद्रण येऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. या विभागात जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पुढच्याच वर्षी कंट्री अल्बमांच्या यादीत अव्वल गेलेल्या बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला मात्र सीएमएचं एकही नामांकन मिळालं नाही.