नारळाची दुसरी वाटी

नमस्कार श्रोतेहो.

आज सकाळी देवापुढे नारळ फोडला असेल, तर जरा आठवून बघा. कधी कधी असं होतं की एक वाटी हातात राहते आणि दुसरी घरंगळत कपाटामागे जाते. आपण काय करतो? हातातल्या वाटीकडे बघतो. ती अर्धीच आहे, कड ताजी फुटलेली आहे, म्हणजे दुसरी इथेच कुठेतरी असणार. मग वाकून शोधतो, आणि ती सापडतेच.

आज मी सांगणार आहे ती गोष्ट एवढीच. फक्त तो नारळ दगडाचा होता, तांब्याने भरलेला होता, आणि त्याची दुसरी वाटी जमिनीच्या पोटात दोनेक किलोमीटर लांब सरकली होती.

अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य. टूसॉन शहराच्या ईशान्येला सॅन मॅन्युएल नावाची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची फार निकड होती, तेव्हा १९४३ पासून सरकारी खात्याने तिथे भोकं मारून पाहिली. तांबं लागलं. पुढे मॅग्मा कॉपर या कंपनीची मोठी भूमिगत खाण तिथे उभी राहिली. आणि १९५३ साली जॉर्ज श्वार्ट्झ या भूवैज्ञानिकाचा त्या जागेवरचा सविस्तर अहवाल सरकारने छापला. कुणालाही विकत घेता येईल, वाचता येईल असा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जनतेच्या पैशाने मिळवलेली माहिती जनतेच्या हाती यायलाच हवी. ती कपाटात कुलूपबंद ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

असो. तर त्या अहवालात तांबं किती आहे, एवढंच लिहिलेलं नव्हतं. तांब्याच्या आजूबाजूचा दगड कसा बदललाय, तेही बारकाईने नोंदलेलं होतं. ज्यात तांबं नाही, तो दगडसुद्धा. हे लक्षात ठेवा, ज्यात तांबं नाही तो दगडसुद्धा.

हा अहवाल डेव्हिड लोवेल नावाच्या माणसाने वाचला. ॲरिझोनातच, मेक्सिकोच्या हद्दीवरच्या नोगालेस गावी जन्मलेला, डोंगर पायाखाली घातलेला भूवैज्ञानिक. त्याच्या डोक्यात काय आलं, ते कळायला पुन्हा नारळाकडे येऊ.

अशा प्रकारचं तांबं पृथ्वीच्या पोटातल्या तप्त शिलारसाभोवती तयार होतं. शिलारसातून निघालेलं ऊन, खारं पाणी खडकाच्या बारीक भेगांमधून बाहेर पसरतं, निवत जातं, आणि जाताना खडकाचे थर बदलत जातं. सगळ्यात बाहेर हिरवट दगड, नारळाच्या हिरव्या सालासारखा. त्याच्या आत फिकट, अभ्रकाच्या बारीक चुऱ्याने मऊ झालेला दगड, त्यात सोनेरी माक्षिकाचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, भरपूर कण. हे झालं सोडण. त्याच्या आत तांब्याचा थर, म्हणजे आपलं खोबरं. आणि मधोमध पुन्हा तांबं फारच कमी, तिथे नारळातलं पाणी समजा. साल, सोडण, खोबरं, पाणी. हा क्रम ठरलेला. साल, सोडण, खोबरं, पाणी.

आता सॅन मॅन्युएलच्या छेदात, म्हणजे जमीन उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात, तांब्याचा थर होता पन्हळीसारखा, वरून उघडा. खाली क्रम नीट लागत होता: पाणी, मग खोबरं, मग सोडण, मग साल. आणि वर? वर एक तिरकी मोठी भेग. भूगोलाच्या पुस्तकात जिला प्रस्तरभंग म्हणतात, ती. सगळे थर त्या भेगेशी येऊन सुरीने कापल्यासारखे संपत होते.

बाकीच्यांनी पाहिली खाण. लोवेलने पाहिली अर्धी वाटी.

त्याने हिशेब मांडला. हा नारळ मुळात उभा, लांबट होता. पुढे सगळा प्रदेश कलला, नारळ आडवा झाला. मग काकडी चिरावी तशी भेगेने त्याला लांबीतून चिरलं, आणि वरची वाटी भेगेवरच्या खडकाबरोबर नैऋत्येकडे घसरत गेली. किती घसरली असेल, कुठल्या दिशेला, किती खोल, हे सगळं त्याने हातातल्या वाटीवरूनच काढलं. जमिनीवर तांब्याचा मागमूस नव्हता. तांब्याचा तांब्या बरेच दिवस घासला नाही की हिरवा पडतो ना, तसा हिरवा डाग दगडावर दिसला तर खेड्यातला गुराखीसुद्धा सांगेल, इथे काहीतरी आहे. इथे तसं काही नव्हतं.

१९६५ साली त्या हिशेबाप्रमाणे भोकं मारली. ड्रिल शेकडो मीटर खाली गेलं आणि खोबऱ्याला लागलं. पन्नास कोटी टनांहून जास्त खनिज! त्या साठ्याला नाव पडलं कॅलामाझू. दुसरी वाटी सापडली होती.

मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. दरवेळी अंगावर काटा येतो. कारण त्या माणसाकडे नवं यंत्र नव्हतं, उपग्रह नव्हता. होता तो सापडलेल्या साठ्याचा प्रामाणिक अहवाल, आणि तो वाचायची चिकाटी.

लोवेल तिथे थांबला नाही. जॉन गिल्बर्ट या सहकाऱ्याबरोबर त्याने सॅन मॅन्युएल-कॅलामाझूची जोडी इतर २७ मोठ्या साठ्यांशी ताडून पाहिली आणि १९७० साली निबंध लिहिला. क्रम पुन्हा पुन्हा जुळला. तोच क्रम जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या खिशातला नकाशा झाला. पुढे १९८१ साली चिलीच्या अटाकामा वाळवंटात ला एस्कोंदिदा सापडली, त्या शोधमोहिमेमागेही लोवेलच होता. एस्कोंदिदा म्हणजे लपलेली. आज ती जगातली सगळ्यात जास्त तांबं देणारी खाण आहे.

आता अशा शेकडो साठ्यांच्या याद्या संगणकात आहेत: वय किती, खडक कोणता, खनिज किती टन, त्यात तांबं किती टक्के. या जातीच्या साठ्यात तांबं साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे टनभर दगडात पाचेक किलो. नव्या जागेची माहिती हाती आली की यादीशी ताडायची, आणि भोक कुठे मारायचं ते ठरवायचं. एकेका खोल भोकाचा खर्च इतका असतो की अंदाजपंचे मारून चालत नाही.

पण एक जपावं लागतं. यादीत असतात ते सापडलेले साठे, आणि सापडतात ते बहुतेक उघड्यावरचे. आपल्या महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसाल्टखाली झाकलेला आहे. त्याखाली काय आहे, ते यादी सांगत नाही. दुसरं, जात ओळखावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांबं आहे, पण ते गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरांमधलं. तिथे शिरेची दिशा धरून चालावं लागतं. नारळाचा नियम फणसाला लावू नये.

आणि म्हणून मी पुन्हा सांगतो, ज्यात तांबं नाही तो दगडसुद्धा जपायचा. रिकाम्या भोकाची नोंदसुद्धा जपायची. साल हाती लागलं, म्हणजे खोबरं किती लांब आहे ते कळतं. आता केंद्र सरकारने भूविज्ञानाच्या माहितीचं राष्ट्रीय भांडार इंटरनेटवर खुलं केलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. शाळेतही भूगोल शिकवताना मुलांच्या हातात दगड द्यावा. नकाशा रंगवून खडक कळत नाही. ओला करून, उन्हात फिरवून, भिंगातून पाहिला की कळतो.

हे मी का म्हणतो, तेही सांगतो. विदर्भात एका गोदामात मी कोअरची खोकी पाहिली होती. कोअर म्हणजे भोकातून वर काढलेली दगडाची गोल कांडी, मनगटाएवढी. खोक्यावर रंगाने भोकाचा नंबर आणि खोली लिहितात. छपराला गळती होती. चार पावसाळ्यांत रंग धुऊन गेला, खोकी कुजली, कांड्या जमिनीवर मिसळून पडल्या. कुठली कांडी चाळीस मीटरवरची आणि कुठली दोनशे मीटरवरची, सांगायला कुणी नाही.

आम्ही तिघं दोन दिवस त्या फरशीवर बसलो. बादलीभर पाणी घेतलं, एकेक कांडी धुतली, आणि तुटलेली कड कडेशी लावून पाहिली, नारळाच्या वाट्या जुळवाव्यात तशी. चौदा खोक्यांपैकी नऊ खोक्यांचा क्रम लागला. पाच खोक्यांचा शेवटपर्यंत लागला नाही.