डेस्कटॉपची झूल आणि शिंगांचा रंग

राम राम मंडळी.

आज डेस्कटॉप सजवण्याबद्दल बोलू, आणि त्यासाठी थेट सेलूला जाऊ. परभणी जिल्ह्यातलं सेलू. तिथं माझा मावसभाऊ सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, सगळं एकाच टेबलावर. विम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, दारात पंधरा-वीस माणसं उभी, आणि त्याचा फोन आला, "दादा, कॉम्प्युटर लईच हळू चालायलंय. लोकं ताटकळायलेत. येतूस का?"

गेलो. समोर स्क्रीन अशी होती. तुळजाभवानीचं चित्र, खाली समई, आणि समईची ज्योत हलती. म्हणजे तो साधा फोटो नव्हता, चालता व्हिडिओ वॉलपेपर म्हणून लावलेला होता. उजव्या बाजूला फिरतं घड्याळ, हवामान, प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा काटा. आणि या सगळ्यावर पीडीएफच पीडीएफ. देवीच्या कपाळावर कुणाचा तरी आठ-अ, डोळ्यांवर 'सातबारा फायनल फायनल'. मुखवटा दिसतच नव्हता.

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की फोटो काढ, काळी स्क्रीन ठेव, मशीन पळेल. तो मला म्हणाला, "दादा, बाकी काहीबी काढ, पर आईचा फोटो ऱ्हाऊ दे. सकाळी शटर वर केलं की आधी तिला हात जोडतो मी."

त्याचं हे म्हणणं मला पटतं. मनापासून पटतं. दिवसातले दहा तास ज्या स्क्रीनसमोर जातात, ती आपली वाटली पाहिजे. म्हणून आधी एक हिशोब करू.

[वहीवर लिहून दाखवतो]

त्याचा मॉनिटर 1366 बाय 768 चा. गुणाकार केला की होतात 10,49,088 ठिपके. एका ठिपक्याला 4 बाइट धरले, तर पूर्ण चित्राला साधारण 42 लाख बाइट. म्हणजे 4 एमबीच्या आसपास. मशीनमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, 4 जीबी, म्हणजे साधारण 4000 एमबी. स्थिर फोटोचं ओझं झालं हजारातला एक भाग! फोटो देवीचा असो, वेरूळच्या कैलास लेण्याचा असो, नाहीतर शेतातल्या बांधाचा, त्यानं कॉम्प्युटर हळू होत नाही. हे डोक्यातून काढून टाका.

पण तीच ज्योत हलायला लागली की हिशोब फिरतो. सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे सेकंदाला 3 कोटींहून जास्त ठिपके नव्यानं उलगडायचे आणि नव्यानं रंगवायचे. असले वॉलपेपर चालवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये, समोरच्या खिडकीनं पूर्ण स्क्रीन व्यापली की व्हिडिओ आपोआप थांबायची सोय असते. पण माझ्या भावाचं काम कसं? अर्ध्या स्क्रीनवर विम्याचा फॉर्म, अर्ध्यावर सातबारा, एकातलं बघून दुसऱ्यात भरायचं. मध्ये कुठंतरी फट राहतेच. ज्योत दिवसभर जळत होती, आणि मशीन तिच्यासाठी राबत होतं.

मी ज्योत थांबवली. त्याच व्हिडिओतलं एक चित्र काढून साधा वॉलपेपर म्हणून लावलं. देवी तिथंच, समई तिथंच. ब्राउझरमधले वीस-बावीस टॅब बंद केले. खरं तर निम्मं ओझं तिथंच होतं. तासाभरात दारातली गर्दी निम्म्यावर आली.

आता मला जे सांगायचंय ते आपल्या पोळ्यावरून सांगतो. पिठोरी अमावस्या. आदल्या दिवशी खांदमळणी, खांद्याला तूप-हळद. पोळ्याला शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आरशांची झूल. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. सणानंतर औताला जुंपताना आजोबा झूल उतरवून, झटकून, घडी घालून ठेवायचे. पण शिंगांचा रंग कुणी खरवडत नव्हतं. गळ्यातली घंटाही तशीच. रंगाचं ओझं नसतं आणि घंटेनं चालीला ताल मिळतो.

डेस्कटॉप सजवताना मी हेच बघतो. ही झूल आहे, का शिंगांचा रंग?

स्थिर वॉलपेपर, रंगसंगती, आयकॉनचा संच, चांगला फॉन्ट, माउसचा बाण, हे सगळं शिंगांचा रंग. एकदा लागलं की काम संपलं. हलते वॉलपेपर, दर सेकंदाला बदलणारे काटे, मागचं दृश्य सतत धूसर करत राहणारी काच, ही झूल. सुंदर आहे, पण औताला नाही.

विंडोज 11 मध्येच याचा नमुना आहे. त्यात खिडक्यांच्या पार्श्वभूमीला दोन प्रकारच्या काचा आहेत. एकीचं नाव ॲक्रिलिक. ती मागं जे असेल ते धूसर करून दाखवते, मागचं हललं की तिलाही पुन्हा काम. दुसरी मायका, ती तुमच्या वॉलपेपरचा रंग एकदाच उचलते आणि तेवढ्यावर भागवते. लॅपटॉपवर बॅटरी सेव्हर सुरू झाला की ॲक्रिलिक जाऊन साधा रंग येतो. गावाकडं लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की ही झूल उतरलेली बरी.

आणि झुलीला मी नावं ठेवणार नाही. 2008 साली नांदेडला होस्टेलवर मी लिनक्सवर कॉम्पिझ, म्हणजे खिडक्यांना नखरे शिकवणारा प्रोग्राम, चालवलं होतं. ते आलं 2006 मध्ये. चार डेस्कटॉप एका ठोकळ्याच्या चार बाजूंना, बोटांच्या इशाऱ्यावर ठोकळा गरकन फिरायचा. खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरायची. तो ठोकळा फिरावा म्हणून स्क्रीनवर चित्र उमटवायला लागणारा ग्राफिक्स ड्रायव्हर काय असतो, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर काय असतो, हे रात्र-रात्र बसून शिकलो. माझी आजची रोजीरोटी त्या ठोकळ्यातून आली. लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा 6 या डेस्कटॉपमध्ये, 2024 च्या फेब्रुवारीत, तो ठोकळा परत आला तेव्हा मला फार आनंद झाला. तुमच्या घरातलं पोरगं डेस्कटॉप नटवत बसलं असेल तर त्याला रागावू नका. ते शिकतंय.

आता उलटी बाजू. सगळंच उतरवायच्या नादात एक चूक घडते. विंडोजच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' असं एक बटण आहे. ते दाबलं की यादीतल्या सगळ्या टिकल्या, म्हणजे चौकटीतल्या बरोबरच्या खुणा, जातात, आणि त्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स'ही जाते. इंग्रजी अक्षरं कशीबशी निभावतात. मराठीचं काय होतं, हे बघा.

[स्क्रीनवर 'शेतकऱ्यांचे क्षेत्र' हे शब्द मोठे करून]

'ऱ्या'मधला तो बारीक वाकडा र बघा, पायऱ्या-पायऱ्यांचा झाला. 'क्ष'च्या पोटातली गाठ बुजली. वरचा अनुस्वार मात्रेला चिकटला. सातबाऱ्यावर नाव वाचताना अनुस्वार हुकला, तर फॉर्ममध्ये नाव चुकतं, आणि खातेदाराला दुरुस्तीसाठी पुन्हा हेलपाटे. म्हणून ती एक टिकली परत लावा. त्याच यादीतली लघुचित्रांची, म्हणजे थंबनेलची, टिकलीही लावा, नाहीतर आधारच्या फोटोंऐवजी नुसते कोरे आयकॉन दिसतात.

काळ्या वॉलपेपरबद्दलही नेहमी विचारतात. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका खरंच विझतो, तिथं वीज वाचते. साध्या एलसीडीला मागचा दिवा चालूच असतो. आवडतो म्हणून काळा लावा, वीज वाचेल म्हणून नको.

राहिल्या त्या पीडीएफ. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर. कुणी फॉरमॅट मारला की लोकांचे दाखले त्याच्यासोबत गेले. आम्ही डी ड्राइव्हवर गावागावाचे फोल्डर केले: वालूर, देऊळगाव, चिकलठाणा. सगळ्या पीडीएफ तिकडं हलवल्या, पेनड्राइव्हवर एक प्रत काढली. डेस्कटॉपवर उरला एकच शॉर्टकट, खालच्या कोपऱ्यात. देवीचा मुखवटा पूर्ण दिसायला लागला. भाऊ जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आता दर्शन झालं बघ."

जाता-जाता अजून एक केलं. कीबोर्डवर विंडोज, कंट्रोल आणि डी या तीन कळा एकत्र दाबल्या की दुसरा डेस्कटॉप तयार होतो. मग विंडोज आणि टॅब दाबा, त्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, 'चूज बॅकग्राउंड'. विंडोज 11 मध्ये त्याला वेगळा फोटो लागतो. पहिल्यावर देवी आणि काम. दुसऱ्यावर त्यानं मोबाइलमधून स्वतः फोटो निवडून टाकला. त्याच्याच दावणीची जोडी, पोळ्याच्या दिवशीची, झुलीसकट.