सावळगीचे जत्ती

बेळगाव मागे टाकून गोकाकमार्गे जमखंडीकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. टेकडीवर दिसतोय तो रामतीर्थाचा राजवाडा. १९४८ पर्यंत हे पटवर्धनांचं संस्थान. राजे मराठी, रयत बहुतेक कानडी.

याच तालुक्यातल्या सावळगीत १० सप्टेंबर १९१२ रोजी बसप्पा दानप्पा जत्ती जन्मले. घरची भाषा कानडी, पण शिकायला गेले कोल्हापूरला. राजाराम कॉलेजातून पदवी, साईक्स लॉ कॉलेजातून वकिली. सीमाभागातल्या पोरांनी शिक्षणासाठी कोल्हापूर गाठायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे. जमखंडीत वकिली करता करता ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, पुढे संस्थानचे मंत्री, मग मुख्यमंत्री. संस्थान विलीन झालं आणि जत्ती पुन्हा कोर्टात उभे राहिले. फार दिवस नाही. विलीन मुलखाचे प्रतिनिधी म्हणून त्यांना मुंबईच्या विधानसभेत घेतलं गेलं. बाळासाहेब खेरांचे संसदीय सचिव, १९५२ नंतर मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात उपमंत्री. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. विजापूरही होतं.

आता हा नकाशा नीट पाहा. १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. बेळगावचा मराठी माणूस त्या दिवसापासून झगडतोय. त्याच म्हैसूरचे जत्ती १९५८ ते १९६२ मुख्यमंत्री होते. सीमाप्रश्न त्यांच्याही काळात सुटला नाही, आणि ते दुःख आहेच. पण कोल्हापुरात शिकलेला, मुंबईत घडलेला हा माणूस आपल्याला परका कसा म्हणायचा?

पुढे पाँडिचेरीचे नायब राज्यपाल, ओरिसाचे राज्यपाल, १९७४ मध्ये उपराष्ट्रपती.

११ फेब्रुवारी १९७७. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं आणि जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. आणीबाणी अजून उठलेली नव्हती, निवडणूक तोंडावर. हा प्रसंग २४ मार्चचा. पंतप्रधानपदाची शपथ घेताहेत मोरारजी, देताहेत जत्ती. मुंबईतले मुख्यमंत्री आणि त्यांचे उपमंत्री. दोघांचे चेहरे बघा.

एप्रिलअखेरीस नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याच्या मोरारजी सरकारच्या आदेशावर सही करायला जत्ती लगेच तयार झाले नाहीत; शेवटी केली. जुलैत राष्ट्रपती म्हणून नीलम संजीव रेड्डी आले.

बंगळूरची बसव समिती जत्तींनी १९६४ मध्ये उभी केली, संत बसवण्णांची, म्हणजे बसवेश्वरांची, कानडी वचनं दूरवर पोचावीत म्हणून. ७ जून २००२ रोजी ते गेले. समितीनं ती वचनं नंतर अनेक भाषांत आणली, मराठीतही.