जोधपूर-जैसलमेर रस्त्याला एक दिवस द्या

मंडळी, दिवाळी सरली की आपल्याकडे राजस्थानच्या सहलींची धावपळ सुरू होते. त्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास सापडते: ‘सकाळी नाश्ता करून जोधपूरहून जैसलमेरकडे. संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त.’ मधलं जवळजवळ ३०० किलोमीटरचं वाळवंट त्या दोन वाक्यांच्या फटीत जातं. गाडीत पडदे ओढलेले असतात, निम्मी मंडळी झोपलेली असतात, आणि पाच-सहा तासांनी एकदम जैसलमेरजवळच्या सम गावात उंटासमोर उतरतात. समची वाळू सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण तशी लाटालाटांची वाळू थरच्या वाळवंटाच्या थोड्याच भागात आहे. बाकीचा थर म्हणजे खडी, खुरटी झुडपं, बाजरीची कापलेली शेतं, गवताची माळरानं आणि माणसांची गावं. तो थर दिसतो रस्त्यावरून. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, आज तुम्हालाही सांगतो: या रस्त्याला एक अख्खा दिवस द्या. आणि जाताना ओसियाँ, फलोदी, रामदेवरा, पोकरण या वाटेने जा. थोडं लांब पडतं, पण बघायला फार आहे.

आधी हवेचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात आणि दुपारी बारा वाजता स्वेटर मागच्या सीटवर जातो. हवेत ओलावा नाही, आकाशात ढग नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते. दुसरी गोष्ट घड्याळाची. आपली भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आणि जैसलमेर ७१ अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्य तिथे घड्याळापेक्षा पाऊण तास मागे. डिसेंबरअखेरीस सव्वासात वाजून गेले तरी सूर्य उगवायचाच असतो. नागपूरच्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. त्यामुळे ‘पहाटे लवकर निघू’ म्हणून पाचला उठण्यात अर्थ नाही. सातला निघा. टपरीवर आल्याचा चहा घ्या, हात पेल्याभोवती धरून प्या. जोधपूर सोडण्याआधी मिरचीवडा खाऊन घ्या. मोठी, कमी तिखट मिरची, पोटात बटाट्याचं आंबूस सारण, वर बेसनाचं जाड आवरण. थंडीत कढईतून निघाल्या निघाल्या खावा, गार झाला की त्याची मजा गेली.

शहर संपलं की कुंपणांकडे लक्ष द्या. जोधपूरच्या भोवती दगडाच्या खाणी आहेत, वाळूचा दगड फळीसारखा सरळ निघतो. म्हणून शेताचं कुंपणही दगडाच्या उभ्या फळ्यांचं, एकीला एक लावून रोवलेलं. जरा पुढे गेलात की दगड महाग पडत असणार, कारण तिथे बोराटीच्या काट्यांची बाड दिसायला लागते. मथानियाला थांबा. इथली लाल मिरची सबंध मारवाडात नावाजलेली. भूगर्भातलं पाणी खोल गेलं तसं तिचं क्षेत्र बरंच आटलं, तरी हिवाळ्यात मिरच्या वाळत घातलेल्या कुठे ना कुठे दिसतात. थोडी विकत घ्या, रंगाला तिच्याइतकी चांगली मिरची मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ओसियाँची मंदिरं आठव्या शतकापासूनची. सच्चियाय मातेच्या पायऱ्या जरूर चढा. पण मंदिरांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी झाडावर बोलतो.

हे झाड म्हणजे खेजडी. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. महाराष्ट्रात ती शोधावी लागते. इथे प्रत्येक शेतात दहा-वीस उभ्या असतात, आणि शेतकरी नांगर त्यांना वळसा घालून नेतो, कारण खेजडीखाली पीक उलट चांगलं येतं. हिवाळ्यात गेलात तर एक दृश्य बघून तुम्ही हळहळाल: ओळीने उभे बोडके बुंधे, फांद्या छाटून टाकलेल्या, जणू कोणी सूड उगवला आहे. तसं नाही. थंडीत खेजडी छाटतात ती तिच्या पानांसाठी. फांद्या जमिनीवर पसरून वाळवतात, मग काठीने झोडपून पानं खाली पाडतात. त्या पानांना लूंग म्हणतात. शेळ्या, उंट, गाई यांचा पुढचा चारा तो. उरलेल्या काटक्या चुलीला आणि कुंपणाला. उन्हाळ्यात, जेव्हा दुसरं काही हिरवं नसतं, तेव्हा हीच झाडं पुन्हा पालवतात आणि शेंगा धरतात. त्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी.

रस्त्याच्या कडेच्या ढाब्यावर बसा, खाटेवर, आणि केर-सांगरी मागा. वाळलेली सांगरी हातात घेऊन बघा: तपकिरी, काडीसारखी बारीक, वाळवलेल्या गवारीइतकी निर्जीव. रात्रभर भिजवतात, उकडतात, मग केराच्या भिजवलेल्या फळांबरोबर तेलात, लाल मिरची आणि आमचूर घालून परततात. केर म्हणजे पानं नसल्यासारखं दिसणारं काटेरी झुडूप, त्याची वाटाण्याएवढी फळं. ताटात बाजरीची जाड भाकरी येते, तिला तिथे सोगरा म्हणतात. भाकरी कुस्करून मध्ये खळगा करतात, त्यात तूप ओततात, बाजूला गूळ आणि लसणाची चटणी. आम्ही एका ठिकाणी जेवत होतो, तिथल्या आजी चुलीपाशी बसून आमच्या ताटांवर नजर ठेवून होत्या. मी तूप पुरे म्हटलं तर म्हणाल्या, “सियाळो है सा, खाओ.” हिवाळा आहे, खा. त्यांनी पुन्हा ओतलं. एका जेवणात बाजरी पावसाळ्यातली, सांगरी आणि केर उन्हाळ्यातले, दोन्ही वाळवून, राखून ठेवलेले. वर्षभराचं पोट कसं चालवायचं, याचा सगळा हिशेब त्या एका ताटात होता.

याच झाडासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत माणसांनी जीव दिला. महाराजा अभयसिंहांच्या बांधकामाला चुन्याची भट्टी पेटवायला लाकूड हवं होतं, माणसं झाडं तोडायला आली. बिश्नोई समाजाच्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. ‘सिर सांटे रूंख रहे तो भी सस्तो जाण’, डोकं देऊन झाड वाचलं तरी स्वस्तातच पडलं, हे त्यांचे शब्द तिथे आजही सांगतात. त्यांच्यापाठोपाठ एकूण ३६३ माणसं मारली गेली. बिश्नोईंचा पंथ गुरू जांभोजींनी १४८५ मध्ये सुरू केला, त्यांच्या २९ नियमांत हिरवं झाड न तोडणं आहे आणि प्राण्यांवर दया आहे. म्हणून बिश्नोई गावांच्या शिवारात चिंकारा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर चरत असतात आणि गाडी थांबली तरी लगेच उधळत नाहीत. काच हळू खाली करा, खाली उतरू नका, आणि पाहत राहा.

आता फलोदी. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, हा भारतातला विक्रम. त्याच फलोदीच्या शेजारी, चार-पाच किलोमीटरवर, खीचन गाव आहे, आणि हिवाळ्यात या रस्त्यावर एकच जागा बघायला वेळ असेल तर ती हीच. मंगोलिया आणि मध्य आशियातून, हिमालय ओलांडून, कुरजा इथे उतरतात. आपल्याकडे त्यांना कांड्या करकोचा म्हणतात. क्रौंचकुळातला हा सगळ्यात लहान पक्षी, तरी उंची जवळजवळ तीन फूट. अंग राखाडी, मान काळी, आणि डोळ्यामागून मागे झुकलेला पांढरा तुरा. ऑगस्टच्या शेवटाला पहिले थवे येतात, मार्चपर्यंत राहतात. गावाने त्यांच्यासाठी कुंपण घालून चुग्गाघर बांधलं आहे. तिथे रोज धान्य पसरतात, आणि त्याचा खर्च गावकरी आणि गावातून व्यापारासाठी बाहेर गेलेली जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या उचलत आली आहेत. २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

सकाळी चुग्गाघरात त्यांची झुंबड असते. ते बघायचं तर आदल्या रात्री फलोदीत मुक्काम हवा. पण जोधपूरहून सकाळी निघणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही, कारण दुपारी हेच पक्षी गावाबाहेरच्या तलावावर पाणी प्यायला उतरतात. दोन्हींपैकी निवड करायची तर माझं मत तलावाच्या बाजूने. चुग्गाघरात गर्दी आणि धूळ असते. तलावाच्या काठावर हजारो पक्षी एकमेकांना खेटून उभे असतात आणि प्रत्येक जण एकदा पाण्यात चोच बुडवून एकदा मान वर करतो. वरून नवा थवा येतो तेव्हा त्याचा घसा घासल्यासारखा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी नंतर दिसतात. पाय खाली सोडून, पंख ताठ धरून ते उतरतात तेव्हा काठावरचे पक्षी सरकून त्यांना जागा देतात. गावातल्या बायका डोक्यावर सरपण घेऊन त्यांच्याजवळून जातात, पक्षी ढिम्म हलत नाहीत. तुम्ही मात्र जवळ जाऊ नका. त्यांची सवय गावाशी आहे, तुमच्याशी नाही.

पुढे रामदेवरा. राजस्थानचं लोकदैवत असलेल्या बाबा रामदेवांची, म्हणजे रामदेवपीरांची, समाधी इथे आहे. हिंदू त्यांना देव मानतात, मुसलमान पीर मानतात, आणि दोघंही दर्शनाला येतात. भाद्रपदातल्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते, हिवाळ्यात निवांत असतं. दुकानांच्या बाहेर नवसाचे कापडी घोडे टांगलेले असतात, वीतभर उंचीपासून पोराला बसता येईल इतके मोठे, जरीकाठ शिवलेले. पोकरणला पोचलात की चमचम घ्या. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनी हे नाव जगभर गेलं, पण मारवाडातल्या लोकांना पोकरण म्हटलं की आधी ही छेन्याची मिठाई आठवते.

पोकरणनंतर रस्ता रिकामा वाटायला लागतो, आणि इथेच बहुतेकांचा डोळा लागतो. कृपा करून जागे राहा. लाठी गावाच्या आसपास सेवण गवताची कुरणं आहेत. झुपक्या-झुपक्यांनी वाढणारं हे गवत हिवाळ्यात पिवळं पडतं आणि त्यात पांढऱ्या थारपारकर गाई चरतात. उत्तरेकडून आलेली गिधाडं इथे थंडी काढतात. सकाळी उशिरा, हवा तापली की ती वर घिरट्या घालताना दिसतात. जवळच भादरियाचं देवीचं मंदिर आहे, त्याच्या आवारात जमिनीखाली बांधलेलं मोठं ग्रंथालय आहे, आणि मंदिराभोवती ओरण. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला ओरण समजावून सांगावं लागत नाही: देवाच्या नावाने राखलेली जमीन, तिथे कुऱ्हाड चालत नाही. आपल्या देवराईत आत गेलं की अंधारतं. इथल्या देवराईत सगळं उघडं, बोरीची आणि केराची झुडपं, मध्ये गवत, आणि गुरांच्या पाण्यासाठी तळं.

याच माळरानांवर गोडावण राहतो. आपला माळढोक तोच. सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज आपल्याकडे तो जवळजवळ संपला आहे. देशात उरलेले दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यात. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, वेळेवर वळता येत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकतो. सौर आणि पवनऊर्जेसाठी या भागात तारांचं जाळं झालं, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाडीतून तारांकडे पाहिलंत तर काही ठिकाणी टांगलेल्या छोट्या चकत्या वाऱ्यावर फिरताना दिसतील. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून त्या लावल्या आहेत. सहलीचे लोक पवनचक्क्यांचे फोटो काढतात, जरूर काढावेत. पण त्या चकत्याही बघा, आणि आपल्या मुलांना त्या कशासाठी आहेत ते सांगा. नान्नज आपण गमावलं आहे, त्यामुळे हे सांगायचं काम मराठी माणसावर जास्त आहे असं मला वाटतं.

जैसलमेर जवळ आलं की दोन गोष्टी बदलतात. घरांचा दगड गुलाबी-तपकिरीचा पिवळा होतो, इथल्या चुनखडकाचा रंगच तो. आणि खडकाळ माळाच्या खालच्या अंगाला मधूनच हिरवागार चौकोन दिसतो, गव्हाचा किंवा हरभऱ्याचा. जिथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही तिथे विहिरीशिवाय गहू कसा? ते खडीन. पालीवाल ब्राह्मणांनी बसवलेली ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी खालच्या बाजूला लांब बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. पुढे एकही पाणी द्यावं लागत नाही. पालीवालांचं कुलधरा गाव ओस पडलं, तिथे आता भुताच्या गोष्टी ऐकायला गर्दी होते. मला त्या गर्दीला सांगावंसं वाटतं, जवळच्या खडिनाच्या बांधावर दहा मिनिटं उभे राहा. ज्यांनी हे बांधलं त्यांच्याबद्दल त्या बांधावरून जास्त कळतं.

तर सोय अशी करा. एकच मोठी बस करण्यापेक्षा लहान गाडी घ्या, आणि चालक शक्यतो तिथलाच असू द्या. गावात थांबलात की ‘राम राम सा’ म्हणा, बोलणं आपोआप सुरू होतं. पाण्याचा कॅन जोधपूरलाच भरून घ्या, आणि गावातल्या टाक्याचं पाणी हात धुवायला मागू नका. अंगणातल्या त्या गोल, झाकण लावलेल्या टाक्यात पावसाचं साठवलेलं पाणी असतं आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. दुर्बीण असेल तर घ्या. समचा सूर्यास्त दुसऱ्या दिवसावर टाका, आणि जैसलमेरच्या हॉटेलला आधीच कळवून ठेवा की आम्ही रात्री आठच्या आत येत नाही.