लीसाइडची काच

ही नळी पाहा. लांबी फूटभरसुद्धा नाही. काळा रंग कडांना झिजलाय, पण अक्षरं वाचता येतात: आर. ई. एल. शेजारी एक बारीक खूण, इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण. कॅनडाच्या लष्करी मालावरची ही खूण. आणि नळी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्नायपर रायफलचा स्कोप, नेम धरायची दुर्बीण.

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे नेमबाज रॉस रायफल घेऊन लढले. त्या रायफलीवरची दुर्बीण अमेरिकेतली, क्लीव्हलँडच्या वॉर्नर अँड स्वेझी कंपनीची. रायफल घरची, नजर उसनी.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनवर विसंबून राहण्याचे दिवस संपले. त्याच वर्षी कॅनडा सरकारने टोरांटोजवळच्या लीसाइडमध्ये स्वतःची कंपनी उभी केली, रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड, म्हणजेच नळीवरचं आर. ई. एल. तिथे रडारही बनले. पण खरी परीक्षा होती ती काचेची.

दुर्बिणीची काच खिडकीच्या काचेसारखी ओतून होत नाही. मुशीत वितळलेला रस सारखा ढवळावा लागतो, नाहीतर आत रेघा राहतात. मग कित्येक दिवस सावकाश निववायचा. शेवटी मूस फोडायची आणि निर्दोष तुकडे तेवढे वेचायचे. १९४१ मध्ये हे तंत्र लीसाइडला साधलं.

पुढे घासकाम. चकाकी दिलेल्या भिंगावर कसोटीचं भिंग ठेवलं की रंगीत वलयं उमटतात. वलयं वेडीवाकडी आली, की भिंग परत घासायला.

आणि आता मला सगळ्यात भिडलेली गोष्ट. कडांना रंग फुटू नयेत म्हणून दोन जातींच्या काचा एकमेकींना चिकटवतात. त्यासाठी तेव्हा जगभर वापरत ते कॅनडा बालसम. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्लाइड केलेल्यांना हे नाव आठवेल. बालसम फरच्या सालीवर फोड येतात, त्यांतली ही राळ. वाळल्यावर प्रकाश तिच्यातून जवळपास काचेसारखाच वळतो, म्हणून सांधा दिसतच नाही. जगाची भिंगं जोडणारी राळ ज्या देशाच्या जंगलातली, त्या देशाकडे स्वतःची दुर्बिणीची काच नव्हती!

लीसाइडच्या स्कोपांपैकी एक होता नंबर ३२. मूळ आराखडा ब्रिटिश, तोही ब्रेन मशीनगनसाठी केलेला. लक्ष्य तिप्पट मोठं दिसायचं. सुरुवातीच्या नमुन्यात अंतराची चकती एका खटक्याला पन्नास यार्ड सरकायची, आणि नेम जुळवताना माणूस रडकुंडीला यायचा. पुढच्या नमुन्यांत खटके बारीक झाले.

स्कोप बसवायच्या रायफली टोरांटोच्या पश्चिमेला, लाँग ब्रांचच्या कारखान्यात बनत. तिथल्या कामगारांत बायकांची संख्या फार मोठी होती. नऊ लाखांच्या घरात रायफली तिथून बाहेर पडल्या. स्कोपसाठी निवडल्या गेल्या त्या अगदी मोजक्या.

अशा प्रत्येक रायफलीला स्कोपची बैठक हाताने जुळवून बसवत, आणि बैठकीवर त्या रायफलीचाच क्रमांक ठोकत. दुसऱ्या रायफलीवर तो स्कोप चढवला, की नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा.