मॉरिशसचा मधुमेह आणि जन्माआधीचे नऊ महिने

(दृश्य : पोर्ट लुई, आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या)

1834 पासून पुढची अनेक दशके हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जात राहिले. मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी माणसेही त्यांत होती. पोर्ट लुईच्या या घाटावर उतरून ती उसाच्या मळ्यांत पांगली. आज त्यांच्या वंशजांच्या देशात शिक्षण मोफत आहे, सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तरीही तिथल्या दर पाच प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह आहे.

(दृश्य : आरोग्य तपासणी केंद्र, सकाळची रांग)

या आजाराचे पहिले मोठे मोजमाप 1987 साली झाले. 25 ते 74 वर्षे वयाच्या 5080 लोकांना तपासण्यात आले. प्रत्येकाचे उपाशीपोटी रक्त घ्यायचे, मग पाण्यात विरघळवलेले 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे, अशी ती पद्धत होती. भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह अधिक असणार, हा अंदाज तेव्हाही होता. प्रत्यक्षात हिंदूंमध्ये त्याचे प्रमाण 12.4 टक्के, मुसलमानांमध्ये 13.3 टक्के, चिनी वंशाच्या लोकांत 11.9 टक्के आणि आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांत 10.4 टक्के निघाले. चार निरनिराळ्या मुळांची माणसे एका बेटावर, एकाच बाजारातला तांदूळ आणि मैदा खात, जवळजवळ सारखीच आजारी पडत होती, तेव्हा सगळा दोष वंशाच्या माथी मारून मोकळे होणे शक्य नव्हते.

सरकारने त्याच वर्षी एक धाडसी निर्णय घेतला. रेशनवर मिळणारे खाद्यतेल मुख्यतः पाम तेलाचे असे. ते पूर्णपणे सोयाबीनचे करण्यात आले. पाच वर्षांनी, 1992 मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा लोकांच्या रक्तातले सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे 5.5 वरून 4.7 मिलिमोलपर्यंत उतरले होते. उच्च रक्तदाब कमी झाला होता, धूम्रपानही घटले होते. एवढ्या थोड्या काळात संपूर्ण देशाच्या रक्ताचा हिशेब बदलल्याची उदाहरणे जगात फार नाहीत, आणि लहान देशाला ते साधले याचे मोल मोठे आहे. रक्तातल्या साखरेचे प्रमाण मात्र फारसे हलले नाही आणि लठ्ठपणा तर वाढला.

(दृश्य : प्रसूतिगृह, वजनकाट्यावर नवजात बाळ)

प्रौढांच्या सवयी सुधारूनही साखर का हटत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर जन्माच्या आधी शोधावे लागते. इंग्लंडमधले वैद्यकीय संशोधक डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की, जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात. गर्भाला अन्न अपुरे पडले की शरीर आधी मेंदू सांभाळते आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलेले येते. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्माआधीच तयार होतात, त्यांची संख्या नंतर वाढत नाही. कमी गाळण्या घेऊन आलेले मूल साठ-सत्तर वर्षे तेवढ्याच भांडवलावर चालते.

या कोड्याचा महत्त्वाचा दुवा पुण्यात मिळाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजली, तेव्हा त्या कृश बाळांच्या कातडीखाली चरबी जवळजवळ तेवढीच आढळली. कमतरता होती ती रक्तातली साखर वापरणाऱ्या स्नायूंची. अशा शरीराला पुढे भरपूर तांदूळ, मैदा आणि गोड पेये मिळाली आणि अंगमेहनत संपली, की मधुमेहाला वाट मोकळी होते. मॉरिशसमध्ये ऊसतोडीकडून कारखान्याकडे आणि तिथून कार्यालयाकडे झालेला प्रवास दोन-तीन पिढ्यांतच उरकला.

संकट दुसऱ्या बाजूनेही येते. आईलाच मधुमेह असेल, तर तिच्या रक्तातली जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते, आणि तेही पुढच्या आयुष्यात मधुमेहाच्या जवळ ओढले जाते. ज्या देशात इतक्या तरुण स्त्रियांची साखर वाढलेली आहे, तिथे ही साखळी आपोआप तुटणार नाही.

(दृश्य : मुलींची माध्यमिक शाळा, मधली सुट्टी)

2009 मध्ये मॉरिशसने शाळांच्या आवारात काय विकता येईल यावर निर्बंध घातले आणि पुढे गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसवला. दोन्ही पावले योग्यच आहेत. परंतु प्रतिबंधाचा मोठा भार अजूनही प्रौढांच्या तपासणीवर आहे, आणि माझ्या मते तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींकडे सरकला पाहिजे. गरोदर स्त्री दवाखान्यात पहिल्यांदा येते, तेव्हा बाळाचे अवयव घडायला सुरुवात झालेली असते. म्हणूनच पुण्यातल्या संशोधकांनी 2012 मध्ये आधीच्या अभ्यासात जन्मलेल्या, आता वयात येणाऱ्या मुलामुलींना गर्भधारणेच्या कित्येक वर्षे आधीपासून ब-12 जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांच्या मातांच्या रक्तात नेमकी त्याचीच उणीव आढळली होती.

पुण्यातली उणीव मॉरिशसमध्ये जशीच्या तशी असेलच असे नाही, त्यामुळे तिथल्या मुलींची उंची, वजन, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्वे आणि साखर तिथेच मोजावी लागेल. मोजल्यावर उपाय करण्याचे साधन सरकारच्या हाती आहे, कारण बेटावर येणारा बराचसा तांदूळ आणि मैदा सरकारी व्यापार महामंडळामार्फतच येतो. 1987 मध्ये तेल बदलताना जी ताकद वापरली गेली, तीच आता पिठाच्या आणि शाळेतल्या जेवणाच्या बाबतीत वापरता येईल. फरक इतकाच की तिचे फळ दिसायला पाच नव्हे, तीस-चाळीस वर्षे लागतील, आणि तेवढा काळ निधी टिकवून ठेवण्याची तयारी त्या देशाला आजच्या अर्थसंकल्पात दाखवावी लागेल.